धक्क्यावर राहिलेला मुलगा

अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक अमेरिकन बाई राहतात. त्या सावकाश, मोजकं बोलतात. पण 'मुलांना काय, लगेच सवय होते' असं कुणी म्हणालं, की हातातला कप खाली ठेवून त्या माणसाकडे बघत राहतात.

त्यांचे आजी-आजोबा इंग्रजांच्या काळात तेलुगू मुलखात बॅप्टिस्ट मिशनरी होते. गेल्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. बाई मलाही घेऊन गेल्या. पाद्री म्हणाले, "पोटचा मुलगा शिक्षणासाठी इथे अमेरिकेत ठेवून ते पुन्हा बोटीत बसले. केवढा हा त्याग."

बाई उभ्या राहिल्या. "त्याग कुणी केला? ते आपल्या मर्जीने गेले. धक्क्यावर राहिले ते माझे वडील, सहा वर्षांचे. त्यांना धड तेलुगूच यायची. परक्या घरात ते रडून काय सांगतायत, हेही कुणाला कळत नव्हतं."

"त्या आईलाही यातना झाल्याच असतील," पाद्री समजुतीने म्हणाले.

"झाल्या असतील. आठ वर्षांनी ती परत आली, तेव्हा माझ्या वडिलांनी तिला 'मॅडम' म्हणून हाक मारली."

आम्ही बाहेर पडलो. ड्राइव्ह करताना मी विचारलं, "तुमच्या वडिलांना फार राग असेल ना?"

"कधीच नव्हता," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत ते आईवडिलांचं कौतुकच करायचे. मला त्याचाच जास्त राग येतो."