आजारी पाण्यात आजारी मासे

अमेरिकेत मला पहिला माणूस भेटला, तो माझे झिंगे (सुकट) कचऱ्यात टाकणारा. विमानतळावर त्याने रबरी मोजे घालून माझी पिशवी उघडली, पुडी दोन बोटांनी धरली आणि मेलेला उंदीर फेकावा तशी फेकली. मागे उभ्या असलेल्या एका गुजराती बाईने सांगितलं, "मावशी, त्यातून रोग येतो म्हणतात."

"चार दिवस उन्हात वाळलेत. मेलेल्याला ताप येतो का, विचार त्याला."

तिने विचारलं नाही. शहाणी होती. रोगाच्या बाबतीत हा देश फार कडक आहे, अशी माझी समजूत झाली. ती तीन आठवडे टिकली.

माझी मुलगी सुनंदा आणि जावई मिलिंदराव अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बॉथेल नावाच्या गावात राहतात. दोघांचं काम कॉम्प्युटरवर. घर मोठं, बोलायला कोणी नाही. दुकानातल्या माशाला डोकं नाही, शेपूट नाही, वासही नाही. आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, तळ्यावर जगणारे. कल्ला उघडून लाल आहे का ते पाहिल्याशिवाय मी मासा घेत नाही. इथे कल्लाच नाही. "आई, डेट बघायची असते," सुनंदा म्हणाली. म्हणजे मासा ताजा की शिळा, ते माशाने नाही, कागदाने सांगायचं.

चौथ्या आठवड्यात गाडीने पूर्वेकडे निघालो. दोन दिवसांचा रस्ता. आधी ओले हिरवे डोंगर, मग मैलोगणती कोरडं माळरान, मग पुन्हा डोंगर, माथ्यावर बर्फ असलेले. मिलिंदरावांना गळाने मासे धरायचा नाद. धरतात आणि परत सोडतात.

"मग धरता कशाला?" मी विचारलं.

"मजा येते, आई."

माशालाही येते का, ते विचारलं नाही. जावई आहेत.

आमचा मुक्काम डोरोथी नावाच्या बाईकडे होता. माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंड सतत चालू. नवरा वारल्यावर तिने एकटीने ट्राऊटची (थंड पाण्यातल्या ठिपकेदार माशाची) पैदास चालवली होती. घरामागे सिमेंटच्या आठ टाक्या. ओढ्यातून एक पाट काढलेला, त्याचं पाणी टाक्यांतून खेळवून खाली सोडलेलं. मी एका टाकीत हात घातला. पाणी असं गार की बोटं दुखली. मासे दगडासारखे घट्ट. मान हलवून बरे आहेत म्हटलं. सुनंदाने इंग्रजीत न सांगताही तिला कळलं.

जेवताना तिने रडगाणं सांगितलं. त्या भागात माशांना एक रोग आला होता. चिखलातल्या जंतूमुळे पिल्लांची मऊ हाडं बिघडतात, शेपूट काळी पडते आणि मासा आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरत राहतो. म्हणून सरकारने नियम केला: खासगी पैदासवाल्याने तपासणीचा दाखला मिळाल्याशिवाय एकही जिवंत मासा विकायचा किंवा बाहेर सोडायचा नाही. तिचे टोपलीभर चांगले मासे मारून तपासायला नेले होते. दाखला आला, मासे निरोगी निघाले. पण दाखल्यावर एक सही राहिली होती. सही करणारा सुट्टीवर. कुठे गेला होता? मासे धरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी टँकर आला. तिच्या पाटाच्या वरच्या अंगाला, ओढ्यात मासे सोडायला. डोरोथी बूट आपटत गेली. मागे मी, माझ्यामागे सुनंदा.

टँकरबरोबर एक तरुण साहेब होता, नकाशा घेऊन. डोरोथीने विचारलं, "तुमच्या माशांचा दाखला कुठे आहे?"

"ते सरकारी आहेत, मॅडम. आम्हाला परवानगी लागत नाही."

"तुमच्या पैदास केंद्रात रोग सापडलाय ना?"

"सापडलाय. म्हणूनच धोरण आहे. आजारी केंद्रातले मासे फक्त आजारी पाण्यात सोडायचे."

"हा ओढा स्वच्छ आहे."

त्याने नकाशा दाखवला. वीस मैल खाली नदीत रोग सापडला होता, म्हणून नदी आणि तिला मिळणारे सगळे ओढे लाल रंगवले होते. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे रंगाची एकच पेन्सिल असावी.

"सुनंदा, दोन बादल्या माग," मी म्हटलं.

"आई, प्लीज, सीन नको करू इथे."

"माग."

आमच्याकडे बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकायला येतात, तेव्हा आम्ही गंजात (पातेल्यात) हात घालून पाणी गोल ढवळतो. निरोगी पिल्लू धारेवर तोंड करून कडेला टिकतं. दुबळं वाहत मधे येतं. माझ्या आजीपासून हीच परीक्षा. एका बादलीत डोरोथीची पिल्लं घेतली, दुसरीत टँकरमधली, आणि ढवळलं. डोरोथीची धारेकडे तोंड करून कडेला टिकली. सरकारी अर्धी मधे गोळा झाली आणि मी हात काढल्यावर, पाणी थांबल्यावरही, काही फिरतच राहिली.

टँकरचा ड्रायव्हर टोपी काढून बघत राहिला. साहेबाने वाकून पाहिलं, मान ताठ केली आणि म्हणाला, "ही मान्य पद्धत नाही."

"मग कागद ढवळून बघ म्हणावं," मी म्हटलं. सुनंदाने ते इंग्रजीत केलं नाही. ड्रायव्हर तरी हसला.

साहेबाने मासे सोडले. धोरण होतं.

त्याआधीच डोरोथी पळत खाली गेली होती. पाटाच्या तोंडाशी फळी ठोकून तिने ओढ्याचं पाणी बंद केलं. उरला तिच्या आवारातला झरा. त्याच्यावर चार टाक्या जगणार होत्या, आठ नाही. उरलेल्या चार टाक्यांतले निरोगी मासे आम्ही त्याच दिवशी काढले. ती कापत होती, मी पोट साफ करत होते. ती मधे मधे बाहीने नाक पुसायची. मी तिला हळद-मीठ लावायला शिकवलं. बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी गावी परतले. महिन्याभरात आमच्या मच्छीमार सोसायटीची बोटुकली आली, सरकारी केंद्रातून. सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, सर्टिफिकेट आहे." मी गंज ढवळला. निम्मी मधे आली. गाडी परत पाठवली तेव्हा तो म्हणाला, "अमेरिकेत जाऊन फार शिकलात!" शिकले ते इतकंच की अडाणीपणा तिकडेही मिळतो, फक्त नकाशासकट.

परवा सुनंदाचं पत्र आलं. ओढ्यातले आधीचे मासेही गोल गोल फिरू लागले आहेत. डोरोथीच्या चारही टाक्या निरोगी आहेत. पण परवानगीशिवाय पाणी बदललं म्हणून तिचा दाखला रद्द झाला आहे. पाट बंद करायचा सल्ला कोणी दिला, असं सरकारने विचारलंय. डोरोथीने माझं नाव आणि पत्ता लिहून दिला. सल्ला मी दिला नव्हता, फक्त पाणी ढवळलं होतं.

अजून सरकारचं पत्र आलेलं नाही. मराठीत आलं तर वाचीन. चौथीपर्यंत शिकले आहे.