सासऱ्यांचा अंगठा आणि मानाचा नारळ

माझ्या सासऱ्यांना गाऊट झाला तो गटारीच्या दुसऱ्या दिवशी. कोंबडी, मटण, चिंबोऱ्या आणि बाटली, सगळ्यांना न्याय देऊन ते झोपले आणि सकाळी पाहतात तो उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा टम्म. रंगही वांग्याचाच. आजारी माणसाला हसू नये हे मला कळतं. पण एवढा धिप्पाड माणूस "पंखा बंद कर गो, अंगठ्याला वारा लागतंय" म्हणून रडकुंडीला आला तर काय करायचं?

माजिवड्याला सांधेवाताचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे रिक्षाने नेलं. ते म्हणाले, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय, त्याचे बारीक खडे सांध्यात साचलेत. गोळ्या घ्या, पाणी प्या. दारू, मटण, मासे बंद.

"नारली पुनवेला चालाया येल ना?" सासऱ्यांनी एवढंच विचारलं.

"पथ्य पाळलंत तर येईल."

इथे आमच्या घराची खरी मेख होती. नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या आमच्या कोळीवाड्यातून मिरवणूक निघते. मानाचा नारळ देवळापासून खाडीपर्यंत अनवाणी न्यायचा आणि पाण्यात उतरून अर्पण करायचा, हा मान सासऱ्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेला. त्यांना जमलं नाही तर तो समोरच्या घरातल्या चुलतभावाकडे जाणार. चुलतभाऊ वर्षानुवर्षं त्यासाठी टपून बसलेले. आता ते रोज संध्याकाळी तब्येतीची चौकशी करायला येऊ लागले. गिऱ्हाईक पापलेट निरखतं तसा अंगठा निरखायचे, "अजून लाल हाय रं," म्हणायचे आणि चहा पिऊन खुशीत जायचे.

पथ्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी डोंबिवलीच्या वरणभात-तुपाच्या घरातली, लग्नानंतरही मासे न खाणारी, म्हणजे घरात लाच न खाणारी एकटीच. मीही कंबर कसली. पायावर चादर टेकली तरी सासरे बोंब मारत, म्हणून सासूबाईंची मासे विकायची पाटी पायावर उपडी घातली आणि वरून पांघरूण. मासे बंद झाले, पण वास तेवढा अंगठ्याजवळ राहिला. सासरे त्या पाटीकडे बघून उसासे टाकत.

मासळी बंद, मटण बंद, बाटली कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. तरी अंगठा एक दिवस उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत फुगायचा. मी सासऱ्यांवर संशय घेतला, त्यांचे खिसेसुद्धा तपासले. मग एका दुपारी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई दुधीच्या भाजीत मूठभर सुका जवळा टाकत होत्या.

"आई, हे काय?"

"जवला."

"डॉक्टरांनी मासे बंद केलेत ना!"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जवला कंदी मासा झाला गो? तो मसाल्याच्या डब्यात असतंय. कोलीन मी, आनि नवऱ्याला नुसता दुधी घालू?"

आमटीतही जवळा होता. कूट करून. या घरात वासावरून काही ओळखायची माझी ताकद लग्नानंतर महिनाभरात संपली होती. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तीच आमटी मी रोज दोन वाट्या ओरपत होते आणि डोंबिवलीला फोन करून सासूबाईंच्या हाताला काय चव आहे म्हणून सांगत होते. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून मसाल्याचा डबाही माझ्या ताब्यात आला. सासऱ्यांनी तोंड वाकडं करून का होईना, पण पथ्य पाळलं. पौर्णिमा आली तोवर अंगठा बराचसा माणसात आला होता.

देवळातून सासरे नारळ घेऊन निघाले ते मुंगीच्या पावलांनी. बँडवाल्यांना नाचाची गाणी इतकी सावकाश वाजवावी लागली की कडेवरची पोरं झोपून गेली. मी शेजारून चालत होते. सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम बघवत नव्हता. पण खाडीपर्यंत ते पोचले. पुढे पाण्यात उतरायचा उतार होता, दगडांचा आणि चिखलाचा. त्यांनी पाय टेकवला आणि कळवळून मागे घेतला. पुन्हा टेकवला. नाही जमलं.

बँड थांबला. मला भयंकर वाईट वाटलं. नव्या टोपीतले चुलतभाऊ मागेच उभे होते. सासऱ्यांनी नारळाकडे पाहिलं आणि तो त्यांच्यापुढे धरला. "घे. तुजा दिस आला."

चुलतभावांनी नारळ घेतला नाही. ते चिखलात उकिडवे बसले. "बस पाठीवर."

"येरा झालास काय?"

"बस रं, पानी उतरंल."

सगळ्या कोळीवाड्यादेखत सासरे चुलतभावाच्या पाठीवर बसले. एका हाताने नारळ सांभाळत, दुसऱ्याने गळा धरून, वरून "डावीकडं जा, डावीकडं" अशा सूचना देत. चुलतभाऊ लटपटत म्हणाले, "काय खातंस रं एवढा?"

"दुधी!" सासरे ओरडले. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

कमरेएवढ्या पाण्यात दोघं गदगदा हलले, चार हात नारळावर दिसले आणि नारळ पाण्यात गेला. कुणी टाकला ते काठावरून नीट दिसलं नाही. नंतर विचारलं तर सासरे म्हणतात त्यानं टाकला, आणि चुलतभाऊ म्हणतात, छे, त्यानंच.