दवंडीवाल्या आबांना ग्रुपमध्ये घेताना

आमच्या गावची दवंडी बंद झाली आणि तिच्या जागी फोनवरचा ग्रुप आला, त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडा. कल्पना सरपंचबाईंची, पण ग्रुप तयार केला मी, ॲडमिन मी, आणि म्हाताऱ्यांना फोन शिकवायचं लचांडही माझ्याच गळ्यात पडलं. पारगावच्या बाजूला आमचं गाव, चहूकडे ऊस. प्राथमिक शाळेत जन्म घालवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. मी घरात बसून सुनेच्या कामात खोड्या काढण्यापेक्षा हे बरं, असं सुनेलाही वाटलं असणार.

रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायचो. दहा-बारा जण यायचे. माझ्या नाकावर राग कायमचा. पहिलीतल्या पोरांना कधी बोलले नसेन ते मी सत्तरीच्या माणसांना बोलले. "अहो, बोट नुसतं टेकवायचं, रोवायचं नाही!" एक आजी दर वेळी चुकून मलाच व्हिडिओ कॉल लावायच्या आणि समोरासमोर बसून विचारायच्या, "बाई, दिसते का मी?" पण खरं सांगते, अशी चिकाटी मी वर्गात कधी पाहिली नाही. पोरांना एकदा रागावलं की ती रुसून बसतात. ही माणसं पुढच्या रविवारी माझ्या आधी हजर, आणि वर माझ्यासाठी शेंगा भाजून आणलेल्या.

त्यांच्यातच आबा होते. ग्रामपंचायतीचे जुने शिपाई. पस्तीस-चाळीस वर्षं गळ्यात हलगी अडकवून त्यांनी गावाला दवंडी दिली. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, गुरांचा डॉक्टर कधी येणार, सगळं गावाला आबांच्या तोंडून कळायचं. निवृत्त झाले तरी पंचायत त्यांनाच बोलवायची. ग्रुप आला आणि हलगी पंचायतीच्या कपाटात गेली. आबांना वाचता येतं जेमतेम, त्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पण नुसतं बोलूनही निरोप पाठवता येतो हे मी दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! सरपंचबाई म्हणाल्या, पाण्याचा निरोप आबाच देतील. आबा फोन हातभर लांब धरायचे, घसा खाकरायचे आणि हॉल दणाणून सोडायचे, "ऐका हो ऐकाऽऽ!"

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. 'उद्या नळाला पाणी येणार न्हाई' हा निरोप सकाळी सकाळी ग्रुपवर सात वेळा आला. दर वेळी नव्याने बोललेला, दर वेळी तोच दम. पोरांनी खिल्ली उडवली, दोघा-तिघांनी मला फोन करून "काढा त्या म्हाताऱ्याला" म्हणून सुनावलं. मी फणफणत आबांच्या दारात गेले.

"आबा, एकच निरोप सातदा कशाला?"

"बाई, गावात चौक किती?"

चौक सात. सातही ठिकाणी उभं राहून दवंडी द्यायची, हा त्यांचा नेम. आणि हा माणूस फोन घेऊन खरोखर सातही चौकांत गेला होता, प्रत्येक चौकात उभा राहून बोलला होता! "एका जागी वरडून गाव ऐकतं व्हय?" त्यांनी मलाच विचारलं. मी रागवायला गेले होते, पण मला हसू आवरेना. घरी बसून एकदा बोललं तरी सगळीकडे जातं, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. पटलं तरी त्यांची बायको नंतर म्हणाली, की बोलताना उठून अंगणात जातात ते जातातच.

ते निभावलं. पण त्यांची दुसरी खोड जाईना. ग्रुपवर कुणीही काहीही पाठवलं की आबांचा प्रश्न तयार, "हे कोण म्हणालं?" अमुक पाल्याचा रस प्या, साखर पळते. "हे कोण म्हणालं?" उद्यापासून दोन दिवस लाइट जाणार. "कोण म्हणालं? वायरमन म्हणाला का?" तापलेली पोरं त्यांना वाट्टेल ते लिहायची आणि भांडण सोडवायला मी. शेवटी एका रविवारी सगळ्यांदेखत मी त्यांना बजावलं, "आबा, आता पुन्हा असं केलंत ना, तर मी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकीन."

वर्ग सुटल्यावर आबा मागे थांबले. "बाई, दवंडी देयाच्या आधी इचारायचं, कोण म्हणालं. मला पहिल्या सरपंचांनी तेवढंच शिकवलं व्हतं. खोटं निघालं तर लोक हलगी वाजली तरी दार उघडत न्हाईत." मग खाली बघत म्हणाले, "पर काढू नका. हलगी पंचायतीनं ठिवून घेतली. आता गावाला सांगायला माझ्यापाशी एवढंच हाय." तरी मी म्हटलं, "मग गप्प राहायला शिका."

ऊसतोड सुरू झाली. बाहेरगावची माणसं आली, खालच्या गाडीवाटेला त्यांच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. ऊस तुटायला लागला की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो इकडेतिकडे फिरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तर एका दुपारी ग्रुपवर व्हिडिओ पडला. बांधावरून वाघ चाललाय, खाली लिहिलेलं, 'आपल्या ओढ्याजवळ, आत्ताच.' गावाचं धाबं दणाणलं. पाच मिनिटांत पन्नास मेसेज. बाया कांदा लागवडीला गेलेल्या, त्यांत माझी सूनही. कुणीतरी लिहिलं, बायांनी ओढ्याकडून येऊ नये, खालच्या गाडीवाटेने यावं. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले. मीही दाखवला.

आणि त्यात आबांचा आवाज आला. मी कणीक मळत होते. कोपराने फोन दाबला, तर पहिलंच वाक्य, "ऐका हो ऐका. हे कोण म्हणालं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून शेतात, जीव टांगणीला लागलेला आणि याचं आपलं तेच दळण! पुढचं ऐकलंच नाही. हात पुसला आणि आबांना ग्रुपमधून काढून टाकलं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

तासाभराने, ऊन कलायच्या आत सून घरी आली. आली ती ओढ्याच्याच बाजूने. मी तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, गाडीवाटेच्या तोंडाला आबा आडवे उभे होते. हात पसरून. पुढं जाऊच देईनात. वाटेच्या ओल्या मातीत ताजे ठसे दाखवले त्यांनी. वाघ तिकडं आहे, ओढ्याकडं नाही. कोपीवाल्यांची पोरंसुद्धा आधीच ट्रॉलीत चढवून बसवली होती."

मी फोन घेतला आणि आबांचा तो निरोप पहिल्यापासून ऐकला. "हे कोण म्हणालं? त्या व्हिडिओत माती तांबडी हाय. आपल्या शिवारात तांबडी माती दावा मला. तो वाघ आपला न्हाई. पर कोप्यांवरची कुत्री परवापासनं भुकत न्हाईत, वाघाचा वास लागला की ती गप व्हत्यात, तवा खालच्या वाटंनं बायांना पाठवू नका. मी जाऊन बघतो न मग सांगतो." एवढंच होतं. एक मिनिटाचंसुद्धा नव्हतं.

पायात चपला सरकवल्या आणि निघाले. आबा ओट्यावर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, आवाज बसलेला. मला बघून म्हणाले, "बरं झालं बाई, तुमी आला. फोन बिघडला जणू. ठसे दिसले तसा मी लई येळ सांगत व्हतो, पर कायबी जाईना. मग म्हनलं, फोनचा नाद सोडावा अन् चालत जाऊन सांगावं."

"फोन बिघडला नाही, आबा. मी तुम्हाला ग्रुपमधून काढलं होतं."

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाची माफी मागितली नव्हती, चूक असली तरी. त्या दिवशी मागितली, त्यांच्या बायकोसमोर मागितली. आबांनी हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "आसं व्हय." ना आवाज चढवला, ना मला काही बोलले. मी वर्गात इतक्यांदा त्यांच्या अंगावर ओरडले होते, एकदा तरी त्यांनी माझ्या अंगावर ओरडायला हवं होतं.

मी तिथेच फोन काढला. "थांबा, आधी तुम्हाला घेते."

त्यांनी हात आडवा केला. "माझं ऱ्हाऊ द्या. आधी त्या कोपीवाल्यांचं नंबर घ्या. समदं गाव त्यात हाय म्हणता, ती माणसं कुठं हायेत? मी पयल्यांदा तिकडं पळालो ते त्याच्यासाठीच. बाकीच्यांना फोनवर कळंल तरी, त्यांना कोण सांगणार?"

गावातल्या प्रत्येक घराचा नंबर मी स्वतः फिरून गोळा केला होता, त्याचा केवढा तोरा मिरवला होता मी! दरवर्षी चार महिने आमच्याच शिवारात राबणाऱ्या माणसांकडे नंबर मागावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली, ठसे बघितले, गाडीवाटेला पिंजरा लावला. तोवर कोप्या गावाच्या अंगाला हलवल्या होत्या. मी आणि आबा तिथे गेलो. एकेका कोपीपुढे बसून मी नंबर घातले, आणि आबा प्रत्येकाला बजावत होते, "काय ऐकलं तर आधी इचारायचं, कोण म्हणालं." सगळ्यात शेवटी मी आबांचा नंबर घातला. मग मनात आलं, हा माणूस माझ्यापेक्षा शंभर पटींनी लायक आहे. म्हटलं, "आबा, तुम्हालाही माझ्यासारखं ॲडमिन करते."

"त्यात काय करायचं आस्तं?"

"ग्रुपमध्ये कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं, ते ठरवायचं."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"घ्यायचं तेवढं द्या मला, बाई. काढायचं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."