टिंबानंतरच्या दोन जागा

नांदेडच्या कचेरीत मी आज खुर्चीवर बसतो, ते चाकूरच्या अप्पांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पदवी मी मिळवली, पण नोकरी लागली ती अप्पांनी शिकवलेल्या टायपिंगवर.

मागच्या आठवड्यात लातूरला शिकणाऱ्या लेकीनं मार्क कमी पडल्याचं मोबाइलवर कळवलं. मी लिहिलं, "बरं. जेवून घे." त्यानंतर तिचा फोनच येईना. शेवटी बायकोनं तिला विचारलं आणि मला म्हणाली, "आवो, तुम्ही शेवटी टिंब दिलं. आताची पोरं मोबाइलवर टिंब म्हणजे राग समजतात. तिला वाटलं, बाबा लई चिडले."

मी गोंधळलो. डोळ्यांपुढं अप्पांचा पत्र्याचा क्लास आला. शाईच्या फितीचा वास, तापलेला पत्रा, आणि बोटं दिसू नयेत म्हणून माझ्या हातांवर त्यांनी टाकलेला ओलसर टॉवेल.

"वाक्य संपून टिंब दिलं की खालची लांब पट्टी दोनदा दाब, दोन जागा मोकळ्या सोड. वाचणाऱ्याला जरा थांबू दे."

"का अप्पा? वाचणारा सायेब काय डोंगर चढायलाय का?"

"आधी नोकरी लागू दे लेका, मग त्यालाच इचार!"

सगळा क्लास हसला. ती मोकळी जागा म्हणजे वाचणाऱ्याची काळजी, असं मी तेव्हापासून धरून चाललो. तीच काळजी लेकीला राग कशी वाटली?

काल अप्पांना पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप अप्पा, साष्टांग नमस्कार. लेकीला एकही टिंब न देता लिहिलं, तर लगेच तिचा फोन आला. आधी रडली, मग पोटभर बोलली. बरोबर काय, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही शिकवलेलं टिंब सोडलं म्हणून रागावला नाहीत ना?"