खाली जाण्याचे पैसे

दिल्लीहून महाराष्ट्रात जाणं म्हणजे आमच्या घरात 'खाली जाणं'. नकाशात खाली, म्हणून खाली. सासूबाईंची थोरली बहीण साताऱ्याला असते. माझ्या नवऱ्याच्या एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवासखर्चावर, तिला भेटून यायचं, याच आशेवर सासूबाई दिल्लीत दिवस काढत.

कोविडच्या वर्षी सरकार म्हणालं, प्रवास राहू दे, ते पैसे वस्तू घेण्यात घाला, बाजार हलू दे. नवरा लगेच मोठा टीव्ही बघायला लागला. मी स्पीच थेरपिस्ट, उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणारी. माझं क्लिनिक बंद पडलं होतं आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी पलंगावर लॅपटॉप ठेवून शिकवत होते. पलंगावर बसून कुणाची जीभ वळते का? चिडचिड व्हायची, पण मागायचं कसं?

सासूबाईंनीच विषय काढला. "अरे, टीव्ही आहे की चांगला. हिला टेबल घे, छोट्या खुर्च्या, मोठा आरसा. पुढची खोली हिची. मी जाईन पुढल्या वर्षी खाली." भाजी निवडता निवडता म्हणाल्या, मान वर न करता.

अट एकच. मार्चअखेरच्या आत माल घरी आणि बिल ऑफिसात, नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं. टेम्पो आला नेमका शेवटच्या दिवशी. मी आत ऑनलाइन शिकवत होते, सासूबाई गॅलरीत.

"माताजी, गाड़ी खाली कर दूँ?" ड्रायव्हरनं विचारलं. माल उतरवू का, एवढंच. सासूबाईंना वाटलं, हा सगळं खालीच टाकून पळणार.

"खाली नहीं! बिल्कुल खाली नहीं!" असा दम भरून त्या दार उघडायला आत आल्या. इतकी वर्षं दिल्लीत काढून 'नीचे' काही त्यांच्या जिभेवर बसलं नव्हतं.

टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला. मी चप्पल शोधतेय तोवर सासूबाई अनवाणी जिना उतरल्यासुद्धा. गुडघ्यांचं निमित्त सांगून दूध मला आणायला लावणारी बाई! कॉलनीच्या गेटवर टेम्पोसमोर हात पसरून उभ्या. "भैया, खाली करो! पूरा खाली!"

"आपने ही तो मना किया था," बिचारा म्हणाला आणि त्यानं गाडी वळवली.

पुढे मुलं घरी यायला लागली. एक पोरगा महिनोन्‌महिने गप्प. दारात बसून सासूबाई त्याच्याशी मराठीतच बोलत. एकदा त्यानं ठोकळ्यांचा डबा उलटा केला, आत पाहिलं आणि म्हणाला, "खाली."

डबा रिकामाच होता. त्याची आई रडायला लागली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"साताऱ्याला फोन लाव," त्या मला म्हणाल्या. "मी खाली का आले नाही, ते तिला सांगते."