वीरगळाला तेल घालणारे गुरुजी

गुरुजी पहिल्यांदा आमच्या पिंपरीच्या मळ्यात आले, तेव्हा मला रामराम करण्याआधी त्यांनी बांधावरच्या वीरगळाला हात लावला. लढाईत पडलेल्या आमच्या कुणा पूर्वजाचा तो दगड. दर अमावास्येला मी त्याला तेल घालत असे. गुरुजी त्याच्यापुढे इतका वेळ उकिडवे बसले, की मला वाटलं मास्तरांच्या पोटात दुखतंय.

आज त्यांची साठी होते आहे, आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी मलाही चार शब्द मागितलेत. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. थकले आहे, तेव्हा थोडक्यात.

पुढे जमीन कारखान्यात गेली. बांध सपाट होणार, मग दगडाचं काय? गुरुजी म्हणाले, "आक्का, दिल्लीच्या वस्तुसंग्रहालयात देऊ. जपतील."

"न बघता म्या लेक दिली न्हाई, दगूड कसा देऊ?"

दुसरे कुणी हसले असते. गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत मला आणि आपल्या मंडळींना दिल्ली दाखवायला नेलं. पाहण्याजोगं एकही संग्रहालय त्यांनी सोडलं नाही. एखादं सोडलं असतं तर माझे गुडघे आज बरे असते. किल्ल्यातलं पाहावं. बादशहांचे अंगरखे बघून कळतं, माणसं आपल्याएवढीच होती. दगडी मूर्तींचं मात्र जरूर पाहावं, आणि पाय धड असताना पाहावं.

तिथे आमच्यासारखाच एक वीरगळ भिंतीला टेकून उभा होता. कोरडा ठणठणीत. मला राहवेना. पिशवीतली बाटली काढली आणि त्याच्या डोक्यावर तेल ओतलं.

"अरे अम्मा, ये क्या किया!" पहारेकरी ओरडत धावला.

गुरुजी पुढे झाले. "चूक माझी. मी यांना सांगायला हवं होतं." आणि आपलं धुतलेलं उपरणं काढून, उकिडवे बसून, ते दगड पुसू लागले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "गुरुजी, हितं त्याला कोण वळखतं?"

परतीची आगगाडी मथुरेला आली. संग्रहालयाच्या होकाराचं पत्र त्यांच्या खिशात होतं, आणि दगड मिळवून देणारे म्हणून त्यात त्यांचं नाव होतं. ते त्यांनी घडी मोडून पाहिलं, परत ठेवलं. म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. दगड गावातच राहील."

बैलगाडीतून तो शाळेच्या आवारात आला. वर छप्पर गुरुजींनी स्वतः उभं राहून घालून घेतलं.

गेल्या तीन अमावास्या माझ्याने तिथवर जाववलं नाही. तेल गुरुजीच घालतात. मग येऊन ओट्यावर टेकतात आणि सांगतात, "आक्का, प्यायला हो."

"समदं प्यायला?"

"समदं."

हा ग्रंथ लोक काचेच्या कपाटात ठेवतील, ठेवोत. गुरुजींना मात्र देवाने हिंडतं-फिरतं ठेवावं, पुष्कळ वर्षं. आशीर्वादात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. माझ्यामागेही अमावास्या येतच राहणार, आणि उकिडवं बसायला गुडघे लागतात.