राक्षसाच्या तोंडातलं पाणी

"मामा गेला," एवढंच संतोष फोनवर म्हणाला. मी गेवराईला, कॉलेजच्या वसतिगृहात होतो. माझ्या तोंडातून आलं, "पाणी घातलं का तोंडात?"

"घातलं. माझ्याच हातानं."

हे विचारायचा हक्क मला होता का, कोण जाणे.

लक्ष्मणमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात शेरडं राखायचा. आमच्या तळ्याची जुनी गोष्ट त्यानंच आम्हाला सांगितलेली: एक राक्षस सगळं तळं पिऊन टाकतो आणि एक मेंढपाळ वीर नुसत्या काठीनं त्याला मारतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुष्काळाच्या वर्षी मनात आलं, या गोष्टीचा सिनेमा करावा. मित्राचा मोबाइल हाच कॅमेरा. तळं आटलेलंच होतं, त्यामुळे राक्षस ते प्यालाय हे वेगळं दाखवावं लागलं नाही. राक्षस मामा, वीर माझा मित्र संतोष. त्याची टोळी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती, म्हणून सगळं एका दिवसात उरकायचं होतं.

शेवटचा घाव बसला. मामा भेगाळलेल्या तळ्यात आडवा झाला आणि म्हणाला, "आता पाणी पाज."

"मामा, तू राक्षस हायस. मेलास तू."

"राक्षस असला म्हणून काय कोरड्या तोंडानं धाडतूस व्हय बे?"

"गोष्टीत तसं न्हाई."

"गोष्ट कुणी सांगितली तुला?"

संतोष वैतागला. "पाजतो बाबा. मला सकाळी निघायचंय, अन् ह्यो मरंना." बाटलीत टँकरचं पाणी होतं, ते त्यानं गुडघ्यावर बसून पाजलं.

मी ते टिपलं, पण नंतर कापलं. सिनेमा कॉलेजच्या स्पर्धेला द्यायचा होता. वीर शत्रूला पाणी पाजतोय म्हणून लोक हसतील, अशी मला भीती वाटली. टोळी परतल्यावर गावच्या सहकारी दूध डेअरीच्या भिंतीवर सिनेमा दाखवला. टाळ्या पडल्या. मामा जवळ येऊन हळूच म्हणाला, "लई चांगला झालाय. पाणी कावून काढलंस?"

"लांबत होतं," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. पुन्हा कधी विषय काढला नाही... माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

मागच्या आठवड्यात मी तो तुकडा शोधून परत जोडला. आता मला खात्री आहे, गोष्ट अशीच आहे. वीर जिंकतो आणि मग खाली बसतो. टोळी गावात आहे तोवर डेअरीच्या त्याच भिंतीवर पुन्हा दाखवणार आहे. कुणी हसलं तर हसू दे. हसण्यासारखं आहेही. राक्षस दोन घोट पितो, मनगटानं मिशा पुसतो, संतोषला "बास" म्हणतो, आणि मगच डोळे मिटतो. "बास" मी लिहिलेलं नव्हतं. तेही ठेवलंय.